तक्त्यातलं पळसाचं रान

हे लिहायला बसलो खरा, पण मनात धाकधूक आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी लेखणी हातात धरली नव्हती. माझी शाळा सगळी उर्दूतून झाली. मराठी मी शिकलो ती घरात, शेतात आणि आठवड्याच्या बाजारात. ज्यांना मराठीत चार चांगली वाक्यं एकापुढे एक मांडता येतात त्यांच्या पंगतीला बसण्याची माझी लायकी नाही, हे मला ठाऊक आहे. शिवाय सांगायचं आहे तेही फार मोठं नाही. एका चैत्रात मी एका सरकारी सडकेसाठी काही पानं लिहिली. सुबक लिहिली. त्यातल्या एका ओळीबद्दल मला बोलायचं आहे. वाचणाऱ्यांनी माझ्या भाषेच्या चुका पोटात घालाव्यात. त्या ओळीची चूक पोटात घाला, असं मात्र मी म्हणणार नाही.

इथं औरंगाबादला आमच्या वसतिगृहाच्या मागच्या खिडकीतून डोंगराची उतरण दिसते. उतरणीवर दोन पळस आहेत. फाल्गुन लागला की त्यांची पानं झडून जातात आणि नुसत्या काळ्या फांद्यांवर फुलं बसतात. माझा खोलीतला सोबती हैदराबाद शहरातला. त्यानं पळस असा जवळून कधी पाहिला नव्हता. परवा तो मला हाताला धरून खिडकीशी नेत होता, बघ म्हणे, काय रंग आहे. मी परीक्षेचं निमित्त सांगितलं आणि पुस्तक घेऊन खिडकीकडे पाठ करून बसलो. त्याला वाटलं, अभ्यासू मुलगा आहे.

आमचं गाव राजूर ओलांडून उत्तरेला, पिंपळगाव रेणुकाईकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. गावाच्या अलीकडे पळसाचं रान होतं. मधूनमधून खैर, धावडा, सीताफळीची झुडपं. पण मुख्य पळस. फुलं गळाली की चैत्रात कोवळी पालवी यायची, तांबूस, लहान मुलाच्या कानासारखी मऊ. दोन-तीन आठवड्यांत ती हिरवी आणि जाड होई, आणि मग बायकांचे दिवस सुरू होत. पानं खुडायची, सावलीत वाळवायची, दगडाखाली दाबून ठेवायची, आणि बारीक काड्यांनी टाचून पत्रावळ्या लावायच्या. लगीनसराईत पंचक्रोशीतल्या पंगती ह्या रानावर उठत.

माझी गंगूआत्या हेच काम करायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली होती. माझी आई मी लहान असताना गेली. वडील दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात. मला वाढवलं आत्यानं. जालन्याला शाळेत माझी सोय झाली तीही तिच्यामुळे. जालन्यातच, कादराबादेत, एक खाणावळ होती. आत्या दर बाजाराच्या गाडीनं तिथं पत्रावळ्यांचे गठ्ठे पाठवायची आणि त्याच्या बदल्यात खाणावळवाल्या मावशी मला दोन वेळ जेवू घालायच्या. पाच वर्षं मी तिथं जेवलो. समोर आलेली पत्रावळ आत्याच्या हातची आहे हे मला टाक्यावरून कळायचं. तिची शेवटची काडी नेहमी आतल्या बाजूला दुमडलेली असे. ‘टोचू नये जेवणाराला,’ असं ती म्हणायची.

त्या रानाचा एक नेम होता. चैत्रात पहिलं पान खुडायच्या दिवशी बायका एका जुन्या पळसाखाली कुंकू आणि गुळाचा खडा ठेवीत, आणि तिथून पाऊस पडेपर्यंत रानात कुणी ‘माझं’ हा शब्द तोंडातून काढीत नसे. रान देवीचं. माझं म्हटलं की पानाला कीड लागते. झाड तर सोडाच, भाकरीलासुद्धा माझी म्हणायचं नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना आत्यानं मला गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी दिली होती. एका म्हातारीनं ती उचलून विचारलं, ‘ही कुणाची रं?’ मी काय बोलणार? मोठ्या कष्टानं म्हणालो, ‘कुणाचीच न्हाई.’ ‘मंग खाते,’ म्हणून तिनं माझ्यासमोर बसून अर्धी संपवली. सगळ्या बायका हसून लोळल्या. उरलेली अर्धी तिनंच माझ्या हातात कोंबली.

पण म्हणून रानात अंदाधुंदी नव्हती. कुठली झाडं कोणी खुडायची हे ठरलेलं होतं. आत्याची झाडं वाकड्या पळसापासून वारुळापर्यंत. तिच्या आधी तिची आई तिथंच खुडायची. दुसरी कुणी बाई त्या झाडांच्या फांदीला हात लावत नसे. एखादी आजारी पडली तर तिची पानं इतरजणी खुडून तिच्या दारात ठेवीत. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. मला ते सगळं पाठ होतं.

दोन वर्षांमागच्या चैत्रात माझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच संपली होती. जालन्याहून भोकरदनकडे पक्की सडक होणार म्हणून मोजणी निघाली होती, आणि मोजणीच्या साहेबांना त्या वाटेवरची गावं ठाऊक असलेला, उर्दू चांगलं लिहिणारा कुणीतरी हवा होता. आमच्या हेडमास्तरांनी मला पाठवलं. साहेब हैदराबादेकडचे, पन्नाशीचे, अतिशय सभ्य. मला ‘आप’ म्हणायचे. मला आयुष्यात तोवर कुणी ‘आप’ म्हटलं नव्हतं. कडक इस्त्रीचा कोट घातल्यासारखं वाटायचं ते ऐकलं की.

मोजणीची साखळी ओढायला लालूमिया होते, बदनापूरचे. सतरा सडका मोजलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कानावरची लेखणी पाहून माझं नाव मुन्शीजी ठेवलं. साखळी ताणली की लालूमिया ओरडत, साहेब दुर्बिणीतून झेंडा बघत, आणि मी तक्ता भरत असे. तक्त्यात रकाने होते: नंबर, मालक, जमिनीची जात. जमीन कास्तीची, म्हणजे पेरणीची, असेल तर तसं, बागायत असेल तर तसं, आणि काहीच नसेल तर बंजर. बंजर म्हणजे पडीक.

जालन्याची वेस सोडून बाहेर पडायलाच आम्हांला आठवडा लागला. सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनांच्या लांबच लांब भिंती, मग रंगाऱ्यांची वस्ती, तिथं दोऱ्यांवर ओली लुगडी, मग वीटभट्ट्या, मग माळ्यांचे मळे. आणि पावलापावलाला माणसं आडवी. ही भिंत माझी, हा उकिरडा माझा, ही आमच्या आज्याची कबर. एका माळ्यानं वांग्याचं एकेक झाड मोजून लिहायला लावलं. एका म्हातारीनं चिंचेखाली ठाण मांडलं आणि झाडाची सावलीसुद्धा तिचीच आहे, कारण तिची म्हैस गेली बारा वर्षं तिथंच बसते, असं साहेबांना ऐकवलं. लालूमियांनी विचारलं, मग म्हशीचंही नाव लिहायचं का मालकाच्या रकान्यात? ती म्हणाली, ‘लिव की. चंद्री नाव हाय तिचं.’ साहेब हसले, पण झेंडा त्यांनी चार हात बाजूला घ्यायला लावला. चिंच वाचली. असं कितीतरी ठिकाणी झालं. कुणी जोरानं माझं म्हणालं की सडक थोडी वाकायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहत होतो, माझ्या हातानं लिहीत होतो. तरीही मला काही सुचलं नाही, ह्याचा मला अजून अर्थ लागत नाही.

मळे संपले, ज्वारी-कापसाची मोकळी रानं आली. राजूर मागं पडलं. वाटेवर गावोगावचे पाटील भेटत, साहेबांना खाट आणि पाणी देत, आणि मी त्यांच्यासमोर मांडी घालून लिहीत बसे. माझं अक्षर चांगलं आहे असं आधीही लोक म्हणत. पण साहेब तर तक्ता हातात घेऊन दूर धरून बघायचे, चित्र बघावं तसं.

आणि एका सकाळी साखळी आमच्या रानाशी आली.

बायका पानं खुडत होत्या. आत्या वाकड्या पळसापाशी होती, ओटीत पानं. मला साहेबांबरोबर बघून तिनं पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरू शकत नाही. इतका अभिमान माझ्यासारख्याबद्दल कुणाला वाटू नये. साहेबांनी अदबीनं तिला विचारलं, ही झाडं कुणाची? मी तेच मराठीत विचारलं. आत्यानं हात जोडले आणि म्हणाली, ‘कुणाचीच न्हाई जी.’

साहेबांनी पुढच्या बाईला विचारलं. तेच उत्तर. तिसरीला विचारलं. तेच. शेवटी ते माझ्याकडे वळले. आप तो यहीं के हैं, आप बताइए, म्हणाले.

मला सांगता आलं असतं. वाकड्या पळसापासून वारुळापर्यंत कोण, वारुळापासून नाल्यापर्यंत कोण, सगळं. ह्या बायका तसं का बोलतात तेही सांगता आलं असतं. पण मला लाज वाटली. कीड लागते म्हणून माझं म्हणत नाहीत, हे त्या सभ्य, शिकलेल्या माणसाला उर्दूतून कसं सांगायचं? हसतील, असं वाटलं. आमच्या माणसांचं अडाणीपण माझ्या तोंडून नको, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर तक्त्याच्या हिशेबानं उत्तर बरोबरही होतं. नांगर नाही, पट्टा नाही, मालक नाही. मी लेखणी बुडवली आणि मालकाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. पुढच्या रकान्यात लिहिलं: बंजर.

त्या दिवशी आमचा मुक्काम गावातच होता. मी घरी जेवायला गेलो. आत्यानं मला पहिली भाकरी वाढली आणि विचारलं, ‘काय लिवलं रं आमच्या रानाचं?’

मी सांगितलं. तिला शब्द कळला नाही. मी म्हणालो, म्हणजे पडीक.

‘पडीक?’ ती म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, परत उलटली. मग हळूच म्हणाली, ‘ह्या पडीकावर तू जेवला की रं पाच सालं.’

रागानं नाही म्हणाली. मला वाटतं तिला खरंच नवल वाटलं होतं. मी हातातला घास परत ठेवला. म्हणालो, सकाळी साहेबांना सांगून बदलून घेतो. ती म्हणाली, ‘बदलता येत असंल तर बदल. न्हाईतर ऱ्हाऊ दे. तुला बोल नको लागाया.’

सकाळी चावडीपुढे साहेब, पाटील, दोन-चार जाणती माणसं बसली होती. मी वाक्य तयार करून गेलो होतो. वाटेत तीनदा म्हणून पाहिलं होतं. मी पोचलो तेव्हा माझाच तक्ता साहेबांच्या हातात होता आणि ते तो पाटलांना दाखवत होते. ‘देखिए, जालना से यहाँ तक पूरे तख्ते में एक भी काट-छाँट नहीं,’ म्हणाले. पाटील म्हणाले, पोरगं आमच्या गावचंच. माझे वडील लांब कडुनिंबाखाली उभे होते; तेही पाहत होते.

साहेबांनी तक्ता माझ्यापुढे धरला. सही करण्याआधी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘कुछ बदलना है?’

लालूमियांना मी येताना सगळं सांगितलं होतं. त्यांनी मागून मला कोपरानं ढोसलं. ‘बोल न मुन्शीजी,’ कानाशी म्हणाले.

मी त्या पानाकडे पाहिलं. एक डाग नव्हता. त्यावर रेघ मारायची, वर बारीक अक्षरात दुसरा शब्द घालायचा, समासात सही करायची.

‘जी नहीं,’ मी म्हणालो.

मोजणी संपल्यावर साहेबांनी मला एक चिठ्ठी दिली. मुलगा मेहनती आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, पुढे शिकवण्याजोगा आहे. त्या चिठ्ठीवर मला इथं कॉलेजात आणि वसतिगृहात जागा मिळाली. मी रोज ज्या खोलीत उठतो तिचं भाडं कुणी भरलं, हे मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगता येईल की नाही, कोण जाणे.

त्याच मार्गशीर्षात रान तोडायला माणसं आली. मी इथं होतो. मला नंतर कळलं. सडकेला लागतो तो पट्टा काही फार रुंद नसतो. पण बंजर म्हटल्यावर तोड कुठं थांबवायची, हे सांगायला कुणी नव्हतं. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांना जळण हवंच होतं. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा बुंधे होते, आणि बुंध्यांमधून एक सरळ आखलेली, मुरूम न पडलेली रिकामी वाट. वारूळ तेवढं शिल्लक होतं. आत्या वडाची पानं आणून पत्रावळ्या लावायचा प्रयत्न करत होती. वडाचं पान लहान. एका पत्रावळीला दुप्पट काड्या. खाणावळवाल्या मावशींनी आता पितळी ताटल्या घेतल्या होत्या.

मी तिला सडकेचं सांगत बसलो. मी ते पुस्तकात वाचलं होतं आणि माझा त्यावर विश्वासही होता. सडक झाली की मोटार येईल. अडलेली बाई अख्ख्या दिवसाऐवजी एका तासात जालन्याच्या दवाखान्यात पोचेल. पोरं शाळेला जातील. गावाचा माल बाजारात जाईल. आत्या काड्या सोलत ऐकत होती. म्हणाली, ‘येऊ दे की. चांगलंच हाय.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘मोटारीत बसून मी कुठं जाऊ पर?’ आणि स्वतःच हसली. मी हसलो नाही. पण त्या सडकेला मी धरून राहिलो. वर्षभर तीच माझी समजूत होती: एक रान गेलं, पण सडक होतेय. एवढं चांगलं काम होत असताना एका शब्दाचं काय? कधीकधी वर्गात बसल्या बसल्या मी मनातल्या मनात त्या सडकेवरून मोटार चालवायचो. बुंधे दिसायचे नाहीत इतक्या जोरात.

दिवाळीला मी घरी गेलो नाही. जमत नाही असा निरोप पाठवला. खरं म्हणजे जावंसं वाटलं नाही. आमच्या घरून पत्र यायचा प्रश्नच नव्हता. लिहिणारा एकटा मी, आणि मी इथं.

गेल्या आठवड्यात, पळस नुकते फुलले होते तेव्हा, वसतिगृहाच्या फाटकाशी लालूमिया उभे दिसले. धाकट्या मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला आले होते. ‘लई सुकला की मुन्शीजी, इथं खायाला देतेत का न्हाई?’ म्हणाले. मी त्यांना आत आणलं, चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मुलीचं सासर, साहेबांची बदली, त्यांचा स्वतःचा दुखरा गुडघा. मग मी विचारलं, सडक कुठवर आली?

त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, ‘तुला ठावं न्हाई?’

सडक आमच्या गावावरून जाणार नाही. नाल्यावर पूल घालणं अवघड, खाली खडक नाही, असं नव्या साहेबांचं म्हणणं पडलं. नवी आखणी नाल्याच्या पलीकडून झाली, दोन कोसांवरून. लालूमियांनीच साखळी ओढली. मुरूमही पडला. आमची ती रिकामी वाट तशीच सोडून दिली.

मी त्यांची बशी पुन्हा भरली. मग विचारलं, आणि रान?

रान आता रान नाही, ते म्हणाले. कागदावर बंजर होतं, मालक कुणी नव्हता. पाटलानं अर्ज केला, जमिनीचा पट्टा आपल्या नावावर करून घेतला. बुंधे उपटले, नांगर घातला. मृगात कापूस पेरला. पीक बरं आलं होतं.

‘आन् आत्या?’

‘आत्या जाती न तिथंच वेचायला. मजुरीनं.’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘पौषात भेटल्ती. मी वाटेनं चाललो होतो. म्हटलं, जरा मजाक करू. आवाज दिला, काय आत्या, किसका खेत है?’

 मला वाटतं त्यांनाही हसू आलं नव्हतं.

‘मंग? काय म्हणाली?’

‘बिलकुल थांबली न्हाई. म्हणाली, पाटलाचं हाय. आन् बोंडं वेचत फुडच्या ओळीला गेली.’